रविवारी रात्री बदललं, सोमवारी काउंटरवर कळलं

वाचकाचं पत्र

सर, सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी एकटीच. मुख्य कार्यालय आणि नऊ शाखा. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतःचा सर्व्हर बंद करून क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरवर गेलो. गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री व्हेंडरने, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने, नवी आवृत्ती चढवली. आम्हाला काही कल्पना नव्हती. सोमवार आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. सकाळी रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांच्या मशीनमधली फाइल सिस्टीम घेईना. मुदत ठेवीचा मेनू होता तिथे नव्हता. सहा शाखांत पासबुकाच्या नोंदी दोन ओळी वर सरकून जुन्या नोंदींवर छापल्या गेल्या. तीन शाखांत मात्र छपाई नीट होती. एक आजी पासबुक बघून काउंटरवरच रडायला लागल्या, माझे पैसे गेले का म्हणून. चेअरमनसाहेब सगळ्यांसमोर मला बोलले. व्हेंडर म्हणतो, आम्ही मेल पाठवला होता, आणि पासबुकाचा आमच्याशी संबंध नाही. आता संचालक मंडळात दोन सूचना आल्या आहेत. एक, अपडेट कायमचे बंद करायला सांगा. दोन, परत आपला सर्व्हर घ्या. पुढच्या सभेत मला बोलायचं आहे. काय बोलू?
– एकटी संगणक अधिकारी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी एका ओळीपाशी अडलो. ‘तीन शाखांत मात्र छपाई नीट होती.’ तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण सभेत जाण्याआधी तिचाच छडा लावा.

नऊही शाखा एकाच सॉफ्टवेअरवर आणि एकाच आवृत्तीवर चालतात. पासबुक नुसत्या नव्या आवृत्तीमुळे बिघडलं असतं तर नऊच्या नऊ ठिकाणी बिघडलं असतं. सहा ठिकाणी बिघडलं आणि तीन ठिकाणी नाही, याचा अर्थ फरक शाखेतल्या संगणकात आहे. माझा पहिला संशय ब्राउझरवर आहे. क्रोम आपली नवी आवृत्ती मागच्या मागे उतरवून ठेवतं आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला की ती लागू होते. शनिवारी संगणक बंद झाले, सोमवारी सकाळी चालू झाले. नव्या आवृत्तीत छपाईचा समास किंवा पानाचं माप जरा जरी बदललं, तरी पासबुक प्रिंटरवर ते थेट ओळीत दिसतं. ए-फोर कागदावर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पासबुकात मात्र एक ओळ चुकली की आदल्या महिन्याच्या बाकीवर आजची बाकी चढते.

प्रत्येक शाखेला फोन करा. कॅशियरला क्रोमच्या मेनूतून ‘क्रोमविषयी’ हे पान उघडायला सांगा आणि आवृत्तीचा आकडा वहीत लिहून घ्या. सोबत विंडोज कोणतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, कोणता तेही लिहा. नऊ फोन, एका दुपारचं काम. त्या तीन शाखांत विंडोज ७ निघालं तर मला नवल वाटणार नाही. विंडोज ७ वर क्रोम २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीवर थांबलं, पुढे सरकलंच नाही. म्हणून तिथे छपाई हलली नसेल. तसं निघालं, तर सभेत ‘त्या तीन शाखा बऱ्या’ असं कुणी म्हणायच्या आत तुम्ही सांगायला हवं की सगळ्यात जास्त धोका त्याच तीन शाखांत आहे. विंडोज ७ चे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले. ते संगणक आधी बदला.

तेव्हा तुमच्या त्या सोमवारी बहुधा दोन वेगवेगळे अपडेट एकाच सकाळी येऊन आदळले. पिग्मीची फाइल आणि हललेला मेनू ही व्हेंडरची जबाबदारी. पासबुकाबद्दल तो म्हणतो त्यात तथ्य असू शकतं. पण छपाई कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीवर तपासली आहे, हे लेखी देणं त्याचंच काम आहे. ते त्याच्याकडून मागून घ्या.

आता त्या मेलबद्दल. व्हेंडर खोटं बोलतो असं धरून चालू नका. मी बरीच वर्षं एका सहकारी संस्थेच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात काढली. आमच्याकडेही असंच एकदा तोंडावर आपटायची वेळ आली. एका सकाळी कर्जखात्याच्या उताऱ्यातून व्याजाचा रकाना गायब झाला. मी व्हेंडरला फोनवर नको नको ते बोललो. संध्याकाळी कळलं की त्यांच्याकडे आमच्या संस्थेचा संपर्क म्हणून ज्या व्यवस्थापकांचा मेल होता, ते वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. त्यांची मेलपेटी उघडली तर आत अकरा सूचना न उघडता पडलेल्या होत्या. त्या रकान्याची सूचना नऊ दिवस आधी आली होती. अधिकार असलेल्याच वापरकर्त्यांना तो दिसेल आणि अधिकार असे द्यायचे, असं सगळं नीट लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला फोन करून माफी मागितली.

म्हणून व्हेंडरला आजच विचारा, सूचना कोणत्या पत्त्यावर पाठवता? तिथे कुणा माणसाचा पत्ता असेल तर तो बदलून पदाचा, सगळ्यांना सामाईक असा पत्ता द्या. त्यावर आलेला मेल तुम्हाला, व्यवस्थापकांना आणि एका शाखाधिकाऱ्याला, तिघांनाही मिळेल असं करा. तुम्ही रजेवर असाल, बाळंतपणाला गेलात, उद्या नोकरी सोडलीत, तरी सूचना कुणाच्या तरी डोळ्यांखालून जायला हवी. अचानक आलेले म्हणून ज्यांच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्यातले पुष्कळसे अपडेट अचानक नसतात. गुगल वर्कस्पेसमध्ये नव्या सोयी लगेच हव्यात की किमान आठवडाभराने, हे ‘रॅपिड’ आणि ‘शेड्यूल्ड’ अशा दोन पर्यायांतून निवडता येतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये येऊ घातलेले बदल ‘मेसेज सेंटर’मध्ये आधी लागतात. विंडोजचे महिन्याचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री. बुधवारी सकाळी काउंटरवर काही विचित्र दिसलं तर पहिली शंका तिथे घ्यायची. या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ते काउंटरमागच्या भिंतीवर लावा.

आता संचालकांच्या पहिल्या सूचनेकडे येतो. अपडेट कायमचे बंद.

हे करू नका, आणि करू देऊ नका. सभेत उदाहरण द्यायचं झालं तर उरणचं द्या. जून २०१७ च्या अखेरीस जेएनपीटी बंदरात एका खासगी टर्मिनलचं काम संगणक बंद पडल्यामुळे ठप्प झालं आणि कंटेनरचे ट्रक अडकून पडले. कारण होतं नॉटपेट्या. हा व्हायरस पसरण्याचा एक मार्ग म्हणजे विंडोजमधलं एक भोक, आणि ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिला होता. साडेतीन महिने आधी. ज्यांनी तो लावला नव्हता, त्यांच्याकडे हे दार सताड उघडं राहिलं. तुमच्या संस्थेत गावातल्या हमालांचे, भाजीवाल्यांचे, निवृत्त शिक्षकांचे पैसे आहेत. ते दार आपल्या ठरावाने उघडं ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला नाही, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

एखादा जाणकार संचालक यावर म्हणेल की तोच व्हायरस युक्रेनमध्ये एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसला होता. ते खरं आहे, नाकारू नका. दुसरं उदाहरणही तुम्हीच पुढे ठेवा. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. या घटनेतली एक बारीक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. पुष्कळ ग्राहकांनी ‘आम्हाला एक आवृत्ती मागेच ठेवा’ अशी व्यवस्था करून ठेवली होती आणि तरीही त्यांचे संगणक पडले. कारण ती व्यवस्था मुख्य सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला लागू होती. ही फाइल दुसऱ्या वाटेने यायची आणि त्या वाटेवर ग्राहकाचा काहीच ताबा नव्हता.

तेव्हा व्हेंडरला हा प्रश्न लेखी विचारा: ‘तुमच्याकडून आमच्याकडे कोणकोणत्या वाटांनी बदल येतात, आणि त्यातल्या कोणत्या वाटेवर आम्हाला थांबवता येतं?’ मोठी आवृत्ती ही एक वाट. व्याजदर, टीडीएस, सेवाशुल्क यांच्या तक्त्यातले बदल ही दुसरी. एसएमएस आणि ओटीपी देणारा तिसराच कुणी असेल. पिग्मी मशीनवाला चौथा. उत्तर यायला वेळ लागेल, पण पाठपुरावा सोडू नका.

स्वतःच्या सर्व्हरवर परत जाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सर्व्हर आला की त्याचं विंडोज, त्याचा डेटाबेस, रोजचा बॅकअप आणि यूपीएसच्या बॅटऱ्या आल्या. अपडेट तिथेही लावावेच लागतात, फक्त ते लावणारा माणूस तुम्ही असाल, एकट्या, रात्री अकरा वाजता. खर्चाचा आकडा व्यवस्थापकांनी मांडला की हा विषय आपोआप मागे पडेल असं मला वाटतं.

खरं बोलायचं आहे ते दोहोंच्या मधल्या वाटेवर. अपडेट येणार. तो नऊ शाखांत पोचण्याआधी एका ठिकाणी पोचला पाहिजे आणि तिथे कुणीतरी तो डोळे उघडे ठेवून पाहिला पाहिजे. एवढं एक संस्थेच्या अंगवळणी पडलं, की बाकीचं जमतं.

ब्राउझरपासून सुरुवात करा, कारण ते पूर्ण तुमच्या हातात आहे. संस्थांसाठी क्रोमचं व्यवस्थापन गुगलकडून विनाशुल्क मिळतं. एका पडद्यावरून सगळ्या शाखांचे ब्राउझर दिसतात. मुख्य कार्यालय आणि तुमच्या जवळची एक शाखा नेहमीच्या ‘स्टेबल’वर ठेवा. उरलेल्या आठ ‘एक्स्टेंडेड स्टेबल’वर. त्यात मोठा बदल आठ आठवड्यांनी येतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मधेही येत राहतात. पासबुक हलणार असेल तर पुष्कळदा आधी तुमच्या डोळ्यांसमोरच्या शाखेत हलेल, आणि बाकीच्या शाखांपर्यंत ते जाईतो तुमच्या हातात दिवस असतील. आठ आठवड्यांनी येणारी मोठी आवृत्ती मात्र दोन्हीकडे साधारण एकाच वेळी येते, तेव्हा सगळीकडे लक्ष ठेवा. विंडोजच्या प्रो आवृत्तीतही महिन्याचे अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात. मी एका शाखेत लगेच आणि बाकी ठिकाणी आठवड्याने घेतो. त्याहून जास्त ताणत नाही.

व्हेंडरचं सॉफ्टवेअर तुम्हाला असं शाखेशाखेने घेता येणार नाही, ते सगळ्यांसाठी एकदमच बदलतं. तिथे यूएटी, म्हणजे नवी आवृत्ती आधी तपासून पाहायची वेगळी चाचणी-प्रत, मागा. विकत घेताना दाखवलेलं असतं, नंतर त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. नवी आवृत्ती यूएटीवर किमान सात कामकाजाचे दिवस आधी आली पाहिजे, असं करारात घाला. तुमच्या एजंटांची एखाद्या जुन्या दिवसाची खरी फाइल तिथे चढवून पाहिली असती, तर त्या सोमवारची निम्मी धावपळ वाचली असती. करारात बंदीचा काळही लिहून घ्या: मार्चचा शेवटचा आठवडा ते ५ एप्रिल, दिवाळीचा आठवडा, आणि तुमचा बाजाराचा वार. आवृत्ती शुक्रवारी रात्री चढवा म्हणावं, म्हणजे शनिवारचा दिवस तपासायला मिळतो. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती याला अपवाद असेल, ती केव्हाही येऊ द्या. मात्र त्या वेळी मेलवर न थांबता फोन यायला हवा. आणि बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर किती तासांत परत नेणार, तो आकडा लिहून घ्या.

हे सगळं होऊनही एखाद्या सकाळी काही बदललेलं असेलच. त्यासाठी मी एक सवय सुचवतो. ती आम्ही अनेक वर्षं पाळली आणि आम्ही तिला ‘पावणेदहाची उजळणी’ म्हणायचो.

मुख्य शाखेत काउंटर उघडण्याआधी पावणेदहाला एका माणसाने बसायचं. डे बिगिन, म्हणजे सिस्टीममध्ये नवा दिवस सुरू, झाल्यावर कालची अखेरची रोख आजची आरंभीची म्हणून आली का ते पाहायचं. कालच्या तारखेची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा गोषवारा, पुन्हा काढायची आणि काल संध्याकाळी छापलेल्या तेरजेशी ताडून बघायची. तीन ठरलेली खाती घ्यायची, एक बचत, एक मुदत ठेव, एक कर्ज. त्यांचं कालपर्यंतचं व्याज वहीत लिहिलेलं असतं, तेच आज पडद्यावर येतं का? मग संस्थेच्याच एका चाचणी खात्यात दहा रुपये भरायचे, दहा रुपये काढायचे आणि त्याचं पासबुक छापायचं. पिग्मीची एक फाइल घेऊन बघायची. पंधरा मिनिटं लागतात. चाचणी खात्याला मंडळाचा ठराव हवा आणि त्या दहा रुपयांचं व्हाउचर रोज सहीसकट लागलं पाहिजे, नाहीतर लेखापरीक्षक हे खातं कशाचं म्हणून विचारतील आणि ते बरोबरच विचारतील.

तेरीज ताडून बघण्यावर मी जोर देतो त्याला कारण आहे. मेनू हलला तर दिसतो, आरडाओरडा होतो. आकडा बदलला तर महिनोन्महिने दिसत नाही. पूर्णांकन कसं करायचं हा नियम एखाद्या अपडेटमध्ये बदलतो, हजारो खात्यांवर काही पैशांचा फरक पडतो आणि तो सापडतो वर्षअखेरीला. कालचा छापील कागद शेजारी असेल तर तो आजच सापडतो.

काहीतरी चुकतंय असं उजळणीत दिसलं, तर शाखाधिकाऱ्याने काय करायचं ते आधीच लिहून ठेवा, एका पानावर. पासबुक छपाई थांबवायची, शिक्क्याची पावती द्यायची. सिस्टीमच बंद असेल तर भरणा हाताच्या पावतीवर घ्यायचा, आणि पैसे काढायला मंडळाने ठरवलेल्या रकमेपर्यंतच द्यायचे. त्यासाठी आदल्या संध्याकाळच्या डे एंडनंतर काढलेली खातेनिहाय बाकीची यादी लागते. ती शाखेच्या तिजोरीत एकच प्रत, नवी आली की जुनी फाडून टाकायची. ती यादी म्हणजे सगळ्या गावाची गुपितं आहेत, टेबलावर पडून राहता कामा नये. सिस्टीम आली की हातपावत्या क्रमाने चढवायच्या आणि दुसऱ्याने मोजून सही करायची. वर्षातून दोनदा मुद्दाम तासभर सिस्टीम बंद धरून याचा सराव घ्या. आमच्या पहिल्या सरावात कार्बन पेपर कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

सभेत बोलताना सुरुवात ‘माझी चूक नव्हती’ इथून करू नका. चूक तुमची नव्हती हे मला पटलेलं आहे, पण त्या वाक्याने समोरचे लगेच वाद घालायला बसतात. शाखानिहाय आवृत्त्यांचा तो नऊ ओळींचा तक्ता आधी ठेवा. कुठे काय बिघडलं, का बिघडलं, सूचना कुठे गेली. मग चार मागण्या करा: सामाईक मेल पत्ता, कराराची पुरवणी, चाचणी खात्याचा ठराव, आणि तुमच्या जोडीला एक माणूस. चौथी मागणी संकोचाने शेवटी पुटपुटू नका. नऊ शाखांचा कारभार एका माणसाच्या फोनवर उभा आहे आणि त्या माणसाला ताप आला तर काय, हा प्रश्न मंडळाने स्वतःला कधीच विचारायला हवा होता. चेअरमनसाहेब सगळ्यांसमोर बोलले ते चुकलंच त्यांचं. सभेआधी त्यांना एकटं गाठून तक्ता दाखवा. सभेत तो त्यांनीच मांडला तर तुमचं काम सोपं होईल.

आणि एक गोष्ट सभेची वाट न पाहता करा. त्या दिवशी सहा शाखांत कुणाकुणाची पासबुकं छापली गेली, त्याची यादी सॉफ्टवेअरमधून काढा, निघत नसेल तर व्हेंडरकडून मागवा. त्या प्रत्येकाला नवं पासबुक द्या, एक पैसाही न घेता, आणि त्यात जुन्या नोंदीही पुन्हा छापून द्या. निरोप एसएमएसने पाठवू नका, शाखेतून फोन करा. त्या आजींना मात्र फोनही नको. शाखाधिकाऱ्यांनी नवं पासबुक घेऊन त्यांच्या घरी जावं, ओळीवर बोट ठेवून बाकी वाचून दाखवावी. जमलं तर तुम्हीही सोबत जा.